उजवीकडचा वरचा चौथा

माणसाच्या तोंडात बत्तीस दात असतात, पण सरकारी कामी त्यांतले वरचे आठ-दहाच येतात. बाकीचे खाजगी वापरासाठी असून त्यांची देखभाल ज्याची त्याने करायची असते. नागपुरातल्या एका कचेरीचे हेडक्लार्क मधुसूदनराव ठवकर यांना हे तत्त्व इतक्या वर्षांच्या नोकरीत आपोआप उमगलं होतं. त्यामुळे रंगीत टीव्ही आला त्या वर्षी, एका रविवारी सावजी मटणाची नळी फोडताना त्यांचा उजवीकडचा वरचा चौथा दात अर्धा उडाला, तेव्हा दुखतं किती हे त्यांनी नंतर पाहिलं. आधी आरशासमोर उभं राहून दिसतं किती ते पाहिलं.

दिसत होतं. बोलताना नाही, एरवीच्या हसण्यातही नाही. पण साहेब विनोद सांगत तेव्हाच्या हसण्यात ते खिंडार स्पष्ट दिसत होतं, आणि साहेब रोज सकाळच्या चहाला एक विनोद सांगत. (विनोद एकूण सहा होते. ते पाळीपाळीने येत.) दिवाळीनंतर सुपरिंटेंडेंटची जागा रिकामी होणार होती, तिला साहेबांची शिफारस लागे, आणि त्या सहा विनोदांना दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसणारा माणूस कचेरीत एकच होता. टपालाच्या टेबलावरच्या गोविंदाची ज्येष्ठता तेवढीच होती, पण तो विनोद संपला की नुसता 'हो सर' म्हणायचा. त्याच्याकडून धोका नव्हता.

सीताबर्डीवर गिरिधर डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर अतिशय सज्जन. सगळं समजावून सांगितल्याशिवाय ते रोग्याला तोंड मिटू देत नसत. दाताला कॅप बसवावी लागेल, असं म्हणून त्यांनी सोन्यापासून सुरुवात केली. सोन्याची कॅप पातळ असते, दात फारसा घासावा लागत नाही, कड सुरीच्या धारेसारखी बारीक मिटते आणि जन्मभर हाडं फोडली तरी तिला काही होत नाही. मधुसूदनरावांनी ती तत्काळ नाकारली. साहेबांचा उजवा सुळा सोन्याचा होता. एकाच कचेरीत, एकाच बाजूला, हेडक्लार्कच्या तोंडात सोनं चमकू नये असं सेवानियमांत कुठे म्हटलेलं नाही, पण सगळंच काही लिहून ठेवावं लागत नाही. स्टीलची कॅप मजबुतीला चांगली. पण ती वाडी नाक्यावरच्या ट्रकवाल्यांना शोभते असं त्यांचं मत पडलं. (ट्रकवाले आपल्याच विनोदाला आपण हसतात, त्यामुळे त्यांना काहीही शोभतं.)

उरलं पोर्सेलिन. दिसायला हुबेहूब दात. मात्र त्याला टेकायला दाताच्या चहूबाजूंनी ओट्यासारखी पायरी कोरावी लागते, म्हणजे उरलासुरला चांगला दातही घासून टाकावा लागतो, आणि इतकं करून हाड लागलं की ते तडकतं. आतून धातू आणि बाहेरून पोर्सेलिन अशी एक नवी कॅप मुंबईहून करून येत असे. ती जरा दणकट, पण तिच्या कडेला धातूची काळी रेघ दिसते. कड हिरडीच्या बाहेर ठेवली तर हिरडी सुखी राहते. आत दडवली तर रेघ झाकते, पण हिरडी रुसते ती कायमची. तेव्हा हसताना हिरडी दिसते का, एवढाच प्रश्न होता.

"ठवकरजी, जरा हासून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

"कोणासमोरचं?" मधुसूदनरावांनी विचारलं.

हा मुद्दा डॉक्टरांच्या पुस्तकांत नसल्यामुळे इथे नोंदवणं आवश्यक आहे. हाताखालच्यांसमोर ओठ न उघडता हसायचं असतं, बरोबरीच्यांसमोर सुळ्यापर्यंत. साहेबांसमोर चौथा दिसलाच पाहिजे, पाचवा दिसला तर उत्तम, आणि डोळ्यांत पाणी आलं तर बघायलाच नको. घरातल्या हसण्याची वर्गवारी मधुसूदनरावांनी केलेली नव्हती. तशी वेळ आली नव्हती. पण साहेबांसमोरचं हसू नुसतं मागून येईना. शेवटी त्यांनी डोळे मिटले, विनोदाआधी साहेब खाकरतात तो आवाज आठवला, आणि हिरडीसकट सगळं उघडं पडलं.

"कड आत घ्यावी लागीन," डॉक्टर म्हणाले, "अन् नळी फोडणं बंद."

मधुसूदनरावांचा नळीवर फार जीव होता. पण खाणं घरी होतं, हसणं कचेरीत, आणि बढती घरी मिळत नाही. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

कॅप बसली. हिरडी सुजली, ब्रश लावला की रक्त येऊ लागलं. हसू मात्र तसूभर कमी झालं नाही. दिवाळी झाली आणि साहेबांनी त्यांना आत बोलावलं.

"जागा गोविंदाला दिली," साहेब म्हणाले. "तुमचं काम चांगलं आहे, ठवकर, पण तुम्ही हसता फार. सुपरिंटेंडेंट गंभीर असावा लागतो."

मधुसूदनराव यावर हसले. (सवयीने. पाचवाही दिसला.)

घरी त्यांनी बायकोला, प्रेमिलाबाईंना, सगळं सांगितलं, अगदी हिरडीसकट.

"म्हंजे त्याच्यासाठी तुमी चांगला दात घासून घेतला," त्या म्हणाल्या, "अन् तो म्हणते, हासता काहून?"

आणि त्या हसल्या. पदर तोंडाला लावायचंही त्यांना सुचलं नाही. मधुसूदनराव बघत राहिले. त्यांच्या बायकोचा उजवीकडचा वरचा चौथा दात नव्हताच. पाचवाही नव्हता.

"हे कधी झालं वं?"

"जयाच्या वेळी. दुखत होते, तं काढून टाकले."

मुलगी जया आता दहावीला होती. त्या वेळी सोनं की पोर्सेलिन, कड आत की बाहेर, असं घरात कोणी विचारलेलं नव्हतं.

"मंग नळी कशी खाते तू?"

"मी कुठं खातो? तुमच्या ताटात तं टाकतो."

मधुसूदनरावांना फार वाईट वाटलं. ते चेहऱ्यावर कसं आणायचं याचा सराव नसल्यामुळे ते नुसते बसून राहिले.

एवढ्यावरून त्यांच्याविषयी मत बनवण्याआधी वाचकांनी एक साधी चाचणी करावी. घरातल्या सगळ्यांत जवळच्या माणसाचा उजवीकडचा वरचा चौथा दात कसा आहे, ते जागेवरून न उठता सांगावं. (साहेबांचे दात विचारलेले नाहीत, ते सगळ्यांना पाठ असतात.) आठवत नसेल तर उठून पाहायला हरकत नाही. फक्त त्यासाठी त्या माणसाला हसवावं लागेल.