हेमचंद्रची पूर्णवेळ पैज

हेमचंद्र टिपणीसने नोकरी सोडायचं ठरवलं ते एअर फ्रायरमुळे.

आखातात, मुसफ्फातल्या ज्या कंपनीत तो एसीच्या कामांची एस्टिमेट्स काढायचा, तिथे आयपीएलच्या दिवसांत एक फुकटातली स्पर्धा होती. आज कोण जिंकणार ते आधी सांगायचं, बस्स. हेमचंद्रचे अंदाज इतके बरोबर येत गेले, की शेवटी एचआरच्या अलिनाने टाळ्यांच्या गजरात त्याच्या हातात एअर फ्रायर ठेवला. तो खोका घेऊन हेमचंद्र मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आपल्या फ्लॅटवर आला आणि बायकोला म्हणाला, "छाया, मी उगाच नोकरी करतोय."

छाया भेंडी चिरत होती. "असं तो खोका म्हणाला का?"

"सीरियसली! लोक यावर जगतात. फुल टाइम! घरात बसायचं, मॅचचा अभ्यास करायचा, पैसे लावायचे. ना बॉस, ना डेडलाइन."

"इथे पैसे लावलेस तर घरात नाही, आत बसशील. आणि मग थेट इंडियाची फ्लाइट."

"मग लंडनला जाऊ. तिथे चालतं."

छाया एका क्लिनिकमध्ये बिलिंग बघायची. कुठल्याही मोठ्या आजाराचा खर्च तिला तोंडपाठ असे, त्यामुळे नवऱ्याचं हे नवं दुखणं ऐकून ती घाबरली नाही. तिने फळीवरून राजम्याची बरणी काढली आणि एका डब्यात भरपूर दाणे ओतले.

"हे तुझं भांडवल. एक दाणा म्हणजे शंभर दिरहॅम."

"म्हणजे तेवीसशे रुपये," हेमचंद्र सवयीने म्हणाला.

"सुट्टी साठलीय ना? काढ. ऑफिसला जायचंच नाही. राजम्यावर खेळ, खरे पैसे नाहीत. पण या धंद्यावर पोट भरायचंय म्हणतोस, तर घरखर्चही याच डब्यातून जाणार. सुट्टी संपेपर्यंत डबा टिकला तर मी स्वतः लंडनची तिकिटं काढते."

हेमचंद्रला डाव सोपा वाटला. ऑफिसात त्याने 'पर्सनल रीझन' म्हणून सुट्टी टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बर्म्युडा घालून, लॅपटॉप उघडून, हॉलमधल्या सोफ्यावर तो कामावर हजर झाला.

पहिली अडचण अशी निघाली, की सकाळी क्रिकेट नसतं. आणि पूर्णवेळ कमवायचं तर पूर्णवेळ काहीतरी चालू हवं. शोधता शोधता त्याला जपानचं बेसबॉल सापडलं, कोरियातल्या बायकांचं व्हॉलीबॉल सापडलं आणि शेवटी चेक प्रजासत्ताकातलं टेबल टेनिस सापडलं, जे नळासारखं अखंड वाहत होतं. आठवड्याभरात हेमचंद्रला तिथले खेळाडू घरच्यांसारखे झाले. "आज झ्डेनेकची कंबर दुखतेय, त्याच्यावर नको," असं तो जेवताना म्हणू लागला.

"हू इज झ्डेनेक?" दहा वर्षांच्या ईश्वरीने विचारलं.

"बाबांचा कलीग," छाया म्हणाली.

राजमा वाढत होता, हे मात्र खरं. हरण्यापेक्षा जिंकणं जास्त होत होतं. हेमचंद्र डबा हलवून त्याचा आवाज ऐकायचा. मग संध्याकाळी छाया क्लिनिकमधून यायची, हात धुवायची आणि डब्यात घालायची. "हे भाडं." एक मूठ. "ही ईश्वरीची फी." दुसरी मूठ. "वीज-पाणी. तुझ्या आईचं औषध. गाडीचा इन्शुरन्स."

"अगं, पण मी जिंकतोय!"

"जिंकतोयस ना. पण राहतोयस पण, खातोयस पण, आणि दिवसभर एसी लावून बसतोयस."

हे गणित त्या स्पर्धेत नव्हतं. एअर फ्रायर जिंकताना भाडं कुणी मागितलं नव्हतं.

खरी भानगड झाली ती कचऱ्यामुळे. एका मंगळवारी अकराच्या सुमारास हेमचंद्र त्याच बर्म्युडात कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरला आणि समोरून नागेश आला. नागेश शेजारी राहायचा, दुसऱ्याच्या अडचणीत धावून जायचा, आणि अडचण नसेल तर शोधायचा.

"आज ऑफिस नाही?"

आता काय सांगणार? सट्ट्याचं प्रशिक्षण चालू आहे म्हणून? "सध्या घरूनच... बघतोय काहीतरी."

नागेशचा चेहरा खर्रकन उतरला. आखातात मंगळवारी अकरा वाजता बर्म्युडातला माणूस याचा अर्थ एकच. त्याने हेमचंद्रच्या खांद्यावर हात ठेवला. "व्हिसा कधीपर्यंत आहे?"

"अरे, तसं काही नाही. मी कन्सल्टन्सीचा विचार करतोय."

"कसली?"

"स्पोर्ट्सची."

"म्हणजे नोकरी गेलीच," असं नागेश बोलला नाही, पण त्याचा हात खांद्यावरून पाठीवर गेला.

संध्याकाळी नागेशची बायको मैथिली साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. जाताना वॉशिंग मशीनकडे बघत हळूच म्हणाली, "वहिनी, हे नेणार नसाल तर आधी आम्हाला सांगा हं." दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाच्या ग्रुपवर नागेशचा मेसेज पडला: 'आपल्या एका बांधवावर प्रसंग आला आहे. नाव घेत नाही. सोफा उत्तम स्थितीत.' खाली मैथिलीने खिचडी देताना काढलेला हेमचंद्रच्या सोफ्याचा फोटो होता. फोटोत कडेला हेमचंद्रचे पायही होते.

लोक सोफा बघायला येऊ लागले. ऐन मॅचमध्ये बेल वाजायची, आणि हेमचंद्रला उठावं लागायचं, कारण लोकांना सोफा बसून बघायचा असे. ईश्वरी पाहुण्यांना माहिती देई. "दिस साइड इज फाइन. दॅट साइड, बाबा स्लीप्स." जाताना प्रत्येक जण हेमचंद्रचा हात दाबून "होईल सगळं नीट, इन्शाल्ला," म्हणायचा. एकाने तर गाडीचीही किंमत विचारली, आणि वर "घाईत आहात म्हणून कमी करा," असंही म्हणाला.

"खरं सांगून टाक ना सगळ्यांना," छाया म्हणाली.

"काय सांगू? मी बेकार नाही, सट्टेबाज आहे?"

अशाच गर्दीत घात झाला. घरखर्चाने डब्याचा तळ दिसायला लागला होता. एकाच फटक्यात सगळं भरून काढायचं म्हणून हेमचंद्रने उरलेला सगळा राजमा झ्डेनेकवर लावला. शेवटच्या सेटमध्ये एक आजोबा सोफ्याच्या स्प्रिंगा दाबून बघत होते. झ्डेनेक कंबर धरून खाली बसला, आणि हेमचंद्र आजोबांच्या शेजारी.

रात्री जेवताना त्याने रिकामा डबा बाजूला सारला. "बहुतेक वेळा मी बरोबर होतो गं," तो म्हणाला.

"होतास ना," छाया नरमाईने म्हणाली. तिला त्याची खरोखरच दया आली. "मी बघत होते. पण बहुतेक वेळा भाडं भरून चालत नाही, दर वेळी भरावं लागतं. आणि ऑफिसात निदान शुक्रवारी लवकर सुटायचास. इथे त्या चेक लोकांना सुट्टीच नाही."

हेमचंद्रने मान डोलावली. लंडन खलास. सुट्टी संपली की निमूट कामावर जायचं, असं त्याने मनाशी ठरवलंही. एवढ्यात दार वाजलं. नागेश होता, आणि आनंदाने त्याला धाप लागली होती.

"काम झालं! तुमच्यासाठी जॉब शोधलाय. सीनियर एस्टिमेटर, एसी लाइन, इथेच मुसफ्फात! तुमचा आधीचा पगार किती होता? त्याच्यापेक्षा दोन हजार दिरहॅम तरी जास्त असेल. म्हणजे सेहेचाळीस हजार रुपये! उद्या सकाळी इंटरव्ह्यू. मी तुमचं नाव देऊन टाकलंय, चला, यल्ला!"

हेमचंद्रने नागेशच्या फोनवरची जाहिरात वाचली. पगार खरंच दोन हजारांनी जास्त होता. कंपनीचं नाव नव्हतं. खाली फोन नंबर होता, तो अलिनाचा होता.

त्याने लगेच तिला फोन लावला. अलिना रडवेली झाली. स्टोअरकीपर मिथुन मराठी मंडळाच्या ग्रुपवर होता. सोफ्याशेजारचे पाय त्याने ओळखले होते आणि बॉसना, म्हणजे हद्दाद साहेबांना, जाऊन सांगितलं होतं, की टिपणीस सर कायमचे इंडियाला चालले. साहेबांनी त्याच दिवशी जाहिरात द्यायला लावली.

सकाळी हेमचंद्र टाय लावून ऑफिसात पोचला. बाहेरच्या खुर्च्यांवर त्याच्याच जागेसाठी आलेले तिघे बसले होते. त्यांना ओलांडून तो आत घुसला.

"हद्दाद साहेब, मैं कहीं नहीं जा रहा!"

हद्दाद साहेब खुर्चीतून उठलेच. लेबनॉनचा हा अवाढव्य माणूस वीस वर्षांत हिंदी शिकला होता, आपल्या पद्धतीने. "हबीबी! तुम सोफा बेचता, फिर बोलता नहीं जाता?"

"वो गलतफहमी है. पर साहेब," हेमचंद्रचा आवाज बारीक झाला, "नये आदमी को दो हजार ज्यादा?"

साहेबांनी दार लावलं. "सुनो. पुराना आदमी का इन्क्रीमेंट, हेड ऑफिस बोलता बजेट नहीं. नया आदमी का बजेट है." त्यांनी बाहेरच्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. "मेरे को तुम मांगता. तुम बाहर बैठो. नंबर चार. फिर नया आदमी बनके आओ."

हेमचंद्र बाहेर जाऊन चौथ्या खुर्चीवर बसला. शेजारच्या उमेदवाराने हळूच विचारलं, "कंपनी कशी आहे हो?" हा माणूस चांगला निघाला तर? राजमा हरताना घाम फुटला नव्हता, तो आता फुटला. "पार्किंगचा फार त्रास आहे," तो म्हणाला.

दुपारी त्याची निवड झाली. अलिनाने त्याला नवीन ऑफर लेटर दिलं, हात मिळवून "वेलकम टू द कंपनी, सर," म्हणाली, आणि ओशाळून पुढे सांगितलं, की नवीन माणूस असल्यामुळे सहा महिने प्रोबेशन, आणि वर्ष भरेपर्यंत मोठी सुट्टी मिळणार नाही.

घरी आल्यावर हेमचंद्रने ही अट घाबरत घाबरतच छायाला सांगितली.

"वर्षभर सुट्टी नाही?" छायाने फोन उचलला. "त्या अलिनाचा नंबर दे जरा."

"भांडू नकोस गं तिच्याशी."

"भांडत नाही रे. दोन वर्षं करता येतात का, विचारते."