बॉयलरमागची बारा वर्षं

निर्धार म्हणजे काय ते माझ्याकडून शिका. बोर्दोसारख्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात राहून, उंची वाइनच्या बारा बाटल्या घरात ठेवून, बारा वर्षं एकीचंही बूच न काढणारा माणूस मी एकटाच. आमच्या लिबूर्न गावात हे कुणाला सांगितलं की लोक माझ्या बायकोकडे दयेने बघतात.

ती बारा बाटल्यांची पेटी पिण्यासाठी नव्हतीच. भाव चढला की विकायची, असा माझा बेत. ती घ्यायला मी बायकोची, मायलीसची, होडी विकली होती. आर्काशोंच्या खाडीत कालवं काढायची होडी, तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली. "याच पेटीच्या पैशातून परत आणतो," असं मी तिला वचन दिलं. ती दर वाढदिवसाला विचारायची, "आली का रे माझी होडी?"

"वाटेत आहे," मी म्हणायचो.

धोका एकच, सासरेबुवा ओबां. दर रविवारी जेवायला यायचे. सूप तळाला आलं की ताटलीत लाल वाइन ओतायची, ढवळायची आणि ताटली दोन्ही हातांनी तोंडाला लावायची. आमच्याकडचे सगळेच म्हातारे असं करतात, पण यांना समोर दिसेल ती बाटली चालते. आमचं तळघर तर त्यांना तोंडपाठ. म्हणून मी पेटी त्यांच्या मनातही येणार नाही अशा जागी लपवली, घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या मागे. फट अरुंद होती, बाटल्या उभ्याच राहिल्या. काय डोकं चालवलं, असं वाटून मी स्वतःवरच खूश झालो.

अखेर वाइनचे दलाल आले, लाकासान साहेब. नेमके रविवारी, जेवणाच्या वेळी. आपली स्वस्तातली वाइन त्यांना दिसू नये म्हणून मी टेबलावरची बाटली आधीच उचलली.

"जावईबापू, माझ्या सुपात काय पाणी ओतू?" सासरेबुवा गुरगुरले.

"आज एक दिवस कळ काढा, मामा."

साहेबांनी मी आणून ठेवलेल्या पेटीचं झाकण उचकटलं, एक बाटली उजेडात धरली. "बाटलीतली वाइनची पातळी जरा खाली गेलेली दिसते."

"वय झालं की आपणही खचतोच की," मी हसून म्हणालो.

ते हसले नाहीत. बाटली टेबलावर ठेवून म्हणाले, "खरेदीची पावती दाखवा."

पावती आणायला मी आत गेलो, साहेब मागोमाग आले. परत येतो तर टेबलावर बूच पडलेलं आणि सासरेबुवांच्या तोंडाला ताटली.

"मामा, ती होडी होती हो! तुमच्या लेकीची होडी!"

ताटली खाली आली. चेहरा पिळून काढलेल्या लिंबासारखा. "हे व्हिनेगर आहे."

"तुमची जीभ गेलीय."

साहेबांनी बोट बुडवून चाखलं, रुमालाने पुसलं आणि शांतपणे विचारलं, "ठेवली कुठे होती?"

"बॉयलरच्या मागे."

"उभी?"

मी मान डोलावली. आडव्या न ठेवल्याने वाइन बुचांना लागलीच नव्हती, बॉयलरच्या धगीने ती सुकली होती, हवा आत गेली होती. साहेबांनी टोपी घातली, पण सूप संपवायला मात्र थांबले.

मायलीसने आधी बाटलीकडे बघितलं, नंतर माझ्याकडे. मला खरंच भीती वाटली, लाजही. मग तिने बाटली उचलली, वाटीत थोडं ओतलं, त्यात कांदा बारीक चिरून घातला आणि जेवणासाठी आणलेल्या कालवांवर घेऊन चाखलं. तिचे डोळे चमकले. इतकं सुरेख व्हिनेगर आमच्या घरात कधी आलं नव्हतं.

अजून अकरा बाटल्या आहेत. कालवं मात्र विकत आणावी लागतात. आणायला मीच जातो, खाडीवर, मायलीसच्या होडीच्या नव्या मालकाकडे.