मिशाबाई हालली नाहीं त्याची बखर

श्रीसमुद्र समर्थ. शके एकोणीसशें सेहेचाळीस, हिमक्षयनाम संवत्सर, भाद्रपद मास. उत्तरेस अगदीं टोंकाला सुळेवाल्यांचें राज्य, त्यांस टोपीकर इंग्रज वॉलरस म्हणतात. तेथील रीत ऐसी जे, लेकुरवाळ्यांनीं तरंगत्या बर्फावर बसावें, भूक लागली कीं तळाशीं बुडी मारावी, मिशांनीं चिखल चाचपून शिंपले खावे आणि वर येऊन निजावें. त्या सालीं बर्फ वितळत खोल दर्यावर गेला, तेथें तळ लागेना, मग सारें राज्य गोट्यांच्या किनाऱ्यावर येऊन पडलें, आणि दाटी ऐसी जाहली कीं एकाचे सुळे दुसऱ्याच्या पाठीवर. सरदार दंताजीराव चौकीस होते. त्यांची आज्ञा एकच, अस्वल पाहून आपण भुंकलों कीं सर्वांनीं समुद्रांत पळावें. बर्फावर टोळी लहान, तेथें ती आज्ञा गुणाची. येथें राव ढगाची सावली पाहून भुंकले आणि पळापळींत मिशाबाईंच्या बहिणीचें पोर चेंगरून मेलें. मिशाबाईंच्या पदरीं त्याच वर्षीचें पोर, गोळोबा. मग बाईंनीं रावांस जाऊन सांगितलें कीं अस्वलानें नेलीं नाहींत इतकीं पोरें आपल्या हांकेनें गेलीं. राव हंसून बोलिले, "मग अस्वलाशीं फुगडी खेळावी काय?" बाई बोलिली, "बसावें. मी हालणार नाहीं."

पुढें एके सकाळीं खरेंच अस्वल आलें आणि राव भुंकले आणि राज्य उठलें आणि बाईंनीं गोळोबास हनुवटीखालीं घेतलें आणि सुळे गोट्यांत रोविले आणि एक जवान अंगावरून गेला आणि खांदा फाटला आणि.

बाई हालली नाहीं.

मग बहीण तिला लागून बसली, मग दोघी म्हाताऱ्या, मग मागच्यांस वाट उरली नाहीं म्हणून तेही बसले आणि तोंडें फिरवून सुळे पुढें केले. अस्वल चेंगरलेलीं पोरें वेंचावयास आलें होतें. तें सुळ्यांच्या भिंतीपुढें बराच वेळ बसलें, पंजा चाटला आणि गेलें. राव तेवढे एकटे समुद्रांत पोंचले होते. पाण्यांतून डोकें काढून त्यांणीं विचारिलें, "बाई, जागा आहे का?"

"आहे. पण भुंकायचें नाहीं."

येणेंप्रमाणें गोळोबा वांचला आणि आज्ञा फिरली. बर्फ आला नाहीं. राज्य बसून आहे.