‘जाईन म्हणते’नंतरचा श्वास

शरयू केळुसकर यांच्या ‘जाईन म्हणते, जात नाही’ या जुन्या भावगीतातला श्वास मंगळवारी सकाळी अकरा वाजता फलटणला कौसल्या ढोणेच्या सायकलच्या दुकानात आला आणि खिळ्याला टांगलेल्या बावीस इंची ट्यूबमध्ये जाऊन बसला. पंप बाजूला पडला होता. ट्यूब आपोआप फुगली, पण गच्च नाही. हाताला मऊ लागेल इतपतच.

कौसल्याने ती उतरवून पाण्याच्या घमेल्यात बुडवली. पंक्चर कुठे दिसेना. व्हॉल्व्हपाशी एकच बुडबुडा आला आणि फुटायच्या आधी जरासा थांबला. त्या थांबण्यावरून तिने ओळखलं.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “केळुसकरबाईंचा श्वास आलाय.”

दत्तोबा चाकाच्या तारा ताणत बसला होता. “कडव्याआधीचा का?”

“‘जाईन म्हणते’च्या नंतरचा.”

“मग नीट टांग. उन्हात नको,” दत्तोबा म्हणाला आणि पुढची तार धरली.

त्याचं असं झालं होतं. गाण्याची कंपनी जुनी गाणी धुऊनपुसून पुन्हा रेडिओला देत होती. धुताना खरखर गेली, खोकला गेला, आणि श्वासही गेले. बाकीचे श्वास कुठे गेले ते कौसल्याला ठाऊक नव्हतं. हा मात्र फलटणला आला, आणि आला त्यात तिला नवल वाटलं नाही. दुकानातला रेडिओ तीस वर्षं तिने दुसऱ्या कुणाला हलवू दिला नव्हता. श्वासानेही जिथे आपल्याला कोणी ओळखतं तिथेच जावं.

त्या गाण्यात एक बाई दारात उभी आहे. ती ‘जाईन म्हणते’ म्हणते, मग श्वास घेते, मग ‘जात नाही’ म्हणते. पुढे तीन कडव्यांत चांदणं आहे, जाईचा मांडव आहे, नदी आहे. कौसल्याच्या मते ते भरताड आहे. गाणं म्हणजे तो श्वास. तेच गाणं मुकुंद दाणी यांनीही म्हटलंय, त्यांचा आवाज खणखणीत, शंकाच नाही. पण दाणी ‘जाईन’ म्हणतात तेव्हाच स्टँडवर पोचलेले असतात. वासंती ओकांचं ऐकावं तर त्या इतका लांब श्वास घेतात की बाई दारात उभी आहे की बशीतला चहा फुंकतेय कळत नाही. केळुसकरबाईंचं माप मात्र बरोबर. तेवढ्या वेळात पदर सावरून होतो, चप्पल अर्धी पायात जाते आणि मनातलं ओठावर येतं.

आता श्वास गाण्यात नाही म्हटल्यावर गावात कुठून असणार. त्याच मंगळवारपासून फलटणमधल्या बायका ‘निघते’ म्हटलं की निघू लागल्या. म्हणजे खरोखरच. एका डोहाळजेवणाला सदतीस बायका गेल्या, ओट्या भरल्या, ‘निघतो’ म्हणाल्या आणि एका मिनिटात घर रिकामं. मागे कुणाची छत्री नाही, कुणाचा डबा नाही. घरची सासू दारात बसून राहिली, तिला बोलायला माणूस उरलं नाही. दळणाच्या रांगेतही तेच, मंडईतही तेच.

कौसल्याने हे बघितलं आणि कपाळाला आठी घातली, एवढंच. पण शनिवारी रोहिणी आली.

रोहिणी म्हणजे तिची मुलगी, लोणंदला दिलेली. दर शनिवारी दुपारी येते, जेवते, चारला ‘निघते’ म्हणते आणि सहाच्या गाडीने जाते. आजवर रोहिणीने जे काही खरं सांगितलं ते या दोन तासांत, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून. घरात ती भाजीला मीठ कमी आहे यापलीकडे बोलत नाही. त्या शनिवारी तिच्या मनात काहीतरी होतं. कौसल्याला ते पोळी मोडण्यावरून कळलं, कारण पोरीने एकाच पोळीचे वीस तुकडे केले.

चारला रोहिणी उठली. “निघते आई.”

कौसल्या दारात जाऊन नेहमीच्या जागी उभी राहिली. वळून बघते तर रोहिणी कोपऱ्यावर पोचलेली. चारची गाडी तिला मिळाली. लग्नाला सहा वर्षं झाली, चारची गाडी तिला पहिल्यांदा मिळाली.

“हे मी चालू द्यायची नाही,” कौसल्या म्हणाली. तिने ट्यूब उतरवली, टॉवेलात गुंडाळली आणि सोमवारी पहाटेच्या ऐवजी नऊची पुण्याची गाडी धरली, कारण पहाटे श्वासाला गारठा बाधला असता.

कंडक्टर बाई होती. तिने टॉवेलाकडे बघितलं. “यात काय?”

“श्वास.”

“बाप्याचा का बाईचा?”

“बाईचा.”

“मग अर्धं तिकीट. वय?”

“घेतला तेव्हा बाई चोवीसची होती. आता शहाऐंशीची आहे.”

कंडक्टरीण विचारात पडली. “पंचाहत्तरच्या वर फुकट असतं, पण कार्ड लागतं.”

“श्वासाला कार्ड कुठलं गं?”

“मग मांडीवर घ्या, मावशी. मांडीवरल्याला आम्ही विचारत नाही.”

कौसल्याने पुण्यापर्यंत ट्यूब मांडीवर धरली. दिवेघाटाच्या माथ्यावर ती थोडी घट्ट झाली, उतारावर पुन्हा सैलावली.

कंपनीच्या कचेरीत ‘स्वच्छ ध्वनी विभाग’ अशी पाटी होती आणि पाटीखाली टिपरे नावाचे साहेब होते. माणूस सभ्य. त्यांनी आधी पाणी विचारलं, मग काम विचारलं.

“श्वास हा गाण्याचा भाग धरत नाहीत,” ते म्हणाले. “तो गायिकेचा शारीरिक व्यवहार आहे.”

“मग गाणं कुणी म्हटलं? तुमच्या कपाटानं?”

“गिऱ्हाइकांच्या तक्रारी होत्या, बाई. त्यांचं म्हणणं, मध्येच खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं.”

“होतीच ना ती.”

टिपऱ्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, “शिवाय हा श्वास केळुसकरांचाच कशावरून? आमच्याकडे ओळख पटवावी लागते.” त्यांनी कपाटातून बुचाच्या तीन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि पहिलीचं बूच जरासं सैल केलं.

“दाणी,” कौसल्या म्हणाली. “वरच्या वर घेतलाय. छातीत उतरलाच नाही.”

दुसरं बूच.

“ओकबाई. बंद करा, नाहीतर संध्याकाळपर्यंत चालेल.”

तिसऱ्या बाटलीपाशी ती कान देऊन बराच वेळ बसली. “हा गाणाऱ्याचा नाही. पेटीवाल्याचा आहे. त्याला घरी जायचं होतं.”

टिपऱ्यांनी बाटलीखालची चिठ्ठी वाचली आणि तिन्ही बाटल्या जपून कपाटात ठेवल्या. “ओळख पटली. आता मूळ मालकिणीची संमती आणा. त्यांनी श्वास स्वतःकडे ठेवायचा म्हटलं तर आमचा इलाज नाही. पहिला हक्क त्यांचा.”

हे कौसल्याच्या डोक्यात आलं नव्हतं. ती तशीच नारायण पेठेत गेली.

शरयूबाई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. दार उघडायला त्यांना पाच मिनिटं लागली, आणि उघडल्यावर बोलायला आणखी दोन. दम्याने बाई पार आत ओढल्या गेल्या होत्या. कौसल्याने टॉवेल उलगडून ट्यूब त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

“तुमचा आहे,” शेवटी ती म्हणाली. “तुम्हाला जिना चढायला होत असेल तर ठेवून घ्या. मी हुं की चूं करणार नाही.”

शरयूबाईंनी ट्यूबवर हात ठेवला. “किती जड लागायचा तेव्हा,” त्या थांबत थांबत म्हणाल्या. “लोक मला पत्रं लिहायचे. त्या श्वासात किती विरह आहे म्हणून. खरं सांगू? मी पुढची ओळ विसरले होते.”

कौसल्याने टॉवेलाची घडी घातली.

“समोर कागद होता, पण डोळ्यापुढे अंधारी. ‘जाईन म्हणते’ म्हटलं, आणि पुढे काय ते आठवेना. श्वास घेतला तेव्हा आठवलं. मला वाटलं, आता पुन्हा म्हणायला लावतील. पण साडेपाचला स्टुडिओ दुसऱ्याला द्यायचा होता, म्हणून तसंच राहिलं. बासष्ट वर्षं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.”

“विसरलात तर विसरलात,” कौसल्या म्हणाली. “बाई दारात उभी का राहते मग? सांगायचं असतं ते आठवत नाही म्हणूनच राहते. आठवलं असतं तर घरातच नसतं का सांगितलं?”

शरयूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग हसल्या. हसल्याने त्यांना खोकला आला, आणि कौसल्याने त्यांच्या पाठीवर असा हात मारला की खोकला जागच्या जागी थांबला.

“पत्रं लिहिणाऱ्यात तू नव्हतीस ना?” शरयूबाईंनी विचारलं.

“मी चौथी शिकले. पत्र लिहायला बसले असते तर शिव्या दिल्या असत्या.”

“कुणाला?”

“दाण्यांना.”

बाईंनी संमतीच्या कागदावर सही केली. ट्यूब हातात घेऊन एकदा गालाला लावली आणि परत दिली. “ने. तिथे कामावर आहे तो. इथे नुसता बसून राहील माझ्याबरोबर.” मग म्हणाल्या, “निघालीस?” आणि कौसल्या म्हणाली, “निघते,” आणि गेली, कारण अजून श्वास बसवलेला नव्हता.

टिपऱ्यांनी सही तपासली, शिक्का मारला आणि अर्जावर लिहिलं, ‘एक सेकंद मंजूर’.

“हा पावणेदोनचा आहे,” कौसल्या म्हणाली.

“नियमात एकच बसतो, बाई.”

“मग नियम उसवा. एका सेकंदात चप्पल पायात जात नाही. तुमची बायको माहेरहून निघते तेव्हा किती वेळ लागतो?”

टिपऱ्यांनी पेन खाली ठेवलं. “काल रविवारी लागलाच नाही,” ते म्हणाले. “मी रिक्षा आणायला गेलो होतो. परत आलो तर ती आमच्या घरी पोचून फोन करत होती. सासूबाई अजून बोलत नाहीत.” त्यांनी ‘एक’ खोडलं, ‘पावणेदोन’ केलं आणि खोडलं तिथे बारीक सही केली. ट्यूब रीतसर रिकामी करून धुऊन परत दिली.

शनिवारी सकाळी साडेदहाला गाणं लागलं. दत्तोबाने पाना खाली ठेवला. ‘जाईन म्हणते,’ शरयूबाई म्हणाल्या, आणि खोलीत कुणीतरी आलं, पदर सावरला, चप्पल पायात घातली, आणि मग ‘जात नाही’ म्हणाल्या.

“बसला नीट,” दत्तोबा म्हणाला.

“मग काय तर,” कौसल्या म्हणाली आणि मोकळी ट्यूब खिळ्याला लावली.

दुपारी रोहिणी आली. जेवली. आमटीला मीठ कमी आहे म्हणाली. चारला उठली. “निघते आई.” एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला, आणि थांबली.

कौसल्या चौकटीला टेकून उभी राहिली. चारची गाडी गेली.

“आई,” रोहिणी म्हणाली, “मी एसटीत ड्रायव्हरसाठी अर्ज टाकलाय. जड गाडीचं लायसन पण काढलं. घरी अजून कुणाला सांगितलं नाही.”

“कधी काढलंस?”

“मागच्या महिन्यात. रिव्हर्सला एक खांब पाडला, पण पास केलं.”

“खांबाला दिसत नव्हतं का, गाडी येतेय ते?” कौसल्या म्हणाली. “रात्री जेवताना सांग नवऱ्याला. जेवल्यावर नको, झोपेत असतो तो. आणि काय म्हणतो ते मला कळव. नाहीतर मीच येते लोणंदला.”

“तू नको येऊ.”

“का गं?”

“तू आलीस की तो घाबरतो,” रोहिणी म्हणाली आणि चप्पल काढून उंबऱ्यावरच बसली. मग तिने घाटात गाडी कशी उतरवायची ते आईला हातवारे करून दाखवलं. साडेचारची गाडी गेली, पाचची गेली. दत्तोबाने दुकानातून मान बाहेर काढून बघितलं आणि परत आत घेतली.

सव्वापाचला जावयाचा फोन आला. “आई, रोहिणी निघाली का?”

“निघालीये,” कौसल्या म्हणाली, आणि चहाचं आधण पुन्हा गॅसवर चढवलं.