हुमनाबादचे खुफिया अण्णा

विरपण्णांच्या कापडदुकानात गिऱ्हाईक शिरलं की ते आधी त्याचं तोंड बघत नसत, पायताण बघत. मग डोळे बारीक करून म्हणत, "नौबादहून आलाव. लाल माती हाय. घाईत निघालाव, वहाणेचा अंगठा तुटलाय. घरात भांडण झालंय." गिऱ्हाईक बिचारं निमूटपणे सांगे, "अण्णा, म्या समोरच्या दुकानातला. माती तुमच्याच दारातली हाय, सकाळी तुमीच टाकून घेतलाव." विरपण्णा जराही ओशाळत नसत. "ते ऱ्हाऊ द्या. भांडण झालंय का न्हाई?" आता हुमनाबादेत सकाळपासून भांडण न झालेलं घर दाखवणं अवघडच. गिऱ्हाईक मान खाली घाली आणि विरपण्णा विजयी मुद्रेनं लुगड्याची घडी मोडायला घेत.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. मी लातूरकडून तिथल्या शाळेत मास्तर म्हणून गेलो आणि विरपण्णांच्या शेजारी बिऱ्हाड केलं. शाळेत उर्दू, बाजारात कानडी, घरात मराठी आणि भांडताना तिन्ही, असा तिथला कारभार होता. पहिल्याच दिवशी विरपण्णा माझ्या दारात येऊन उभे राहिले, घरभर नजर फिरवली आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्यावर सध्या माझा संशय न्हाई." कशाबद्दलचा, ते त्यांनी सांगितलं नाही. मला मात्र त्या 'सध्या'मुळे झोप लागेना.

हे सगळं मासिकांमुळे झालेलं. सोलापूरहून मोटारीनं त्यांना रहस्यकथांची मासिकं येत. कागद स्वस्त आणि पिवळट, शाई बोटांना लागणारी, आणि मुखपृष्ठावर हमखास एक बाई किंचाळत असलेली. तिच्या मागे हॅटवाला, हॅटवाल्याच्या हातात पिस्तूल. पण सोलापूर इंग्रजांचं आणि हुमनाबाद निजामाचं, मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. तिथल्या मुन्शीला मराठी वाचता येत नव्हतं. पहिल्यांदा त्यानं पुडकं फोडलं, पिस्तूल पाहिलं आणि सगळा माल अडकवून ठेवला.

विरपण्णा दुकान बंद करून नाक्यावर गेले. पिस्तूल कागदी आहे हे पटवण्यासाठी त्यांनी एक अख्खी जुनी कथा मुन्शीला दख्खनीत सांगितली. मुन्शीचा हुक्का विझला तरी त्याला पत्ता लागला नाही. पुढच्या महिन्यापासून पुडकं अडकणारच हे ठरून गेलं. "माल मिलता अण्णा, मिलता. पैले ये बोलो, खून कौन करा?" असं मुन्शी म्हणे. कथा तर विरपण्णांनीही वाचलेली नसायची. मग ते मुखपृष्ठाकडे बघून कुणातरी डॉक्टरच्या नाहीतर पुतण्याच्या नावावर खून टाकत आणि पुडकं सोडवून आणत. घरी येऊन कथा वाचली की खुनी दुसराच निघे. पण नाक्यावर एकदा दिलेला निकाल त्यांनी कधी फिरवला नाही.

घरात विरपण्णा आणि अक्का अशी दोनच माणसं. अक्का ही त्यांची सख्खी थोरली बहीण आणि सासूसुद्धा. हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. त्या भागात मामानं भाचीशी लग्न करायची रीत आहे. अक्कांची एकुलती एक मुलगी नीला विरपण्णांना दिलेली. ती ऐन तारुण्यात तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. विरपण्णांनी दुसरं लग्न केलं नाही आणि अक्काही त्या घरातून हलल्या नाहीत. त्यामुळे विरपण्णांना झापताना अक्कांकडे बहिणीचा आणि सासूचा असा दुहेरी अधिकार असे आणि त्या दोन्ही वापरत.

संध्याकाळी विरपण्णा अक्कांना कथा वाचून दाखवत. अक्का चुलीपुढे भाकरी थापता थापता ऐकत आणि मध्येच अडवत.

"विरप्या, तो गुप्तहेर मघाशी उठला आन लगीच जेवाय बसला व्हय? आंगोळ न्हाई, पूजा न्हाई?"

"अक्का, तो इंग्रज हाय."

"आसंना का. बिनपूजेचं जेवतंय, त्याला काय चोर सापडतोय? फुडं वाचू नको."

मग विरपण्णांना गोष्ट पुढे नेण्यासाठी लंडनच्या त्या साहेबाला आंघोळ घालावी लागे, कपाळाला विभूती लावावी लागे, पूजा उरकून त्याला भाकरी आणि पुंडीपल्ल्यावर, म्हणजे अंबाडीच्या भाजीवर, बसवावं लागे. तोवर खुनी पार बोटीत बसलेला असे. अक्कांना त्याची फिकीर नव्हती.

'खुफिया अण्णा' हे नाव त्यांना राखेमुळे पडलं. पलीकडच्या गल्लीत एका घरचा पितळी तांब्या गेला. विरपण्णा भिंग घेऊन पोचले. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांना पांढरी राख सापडली. मासिकांतले गुप्तहेर राखेवरून चिरूट ओळखतात आणि चिरुटावरून माणूस. "थांबा," विरपण्णा म्हणाले, "पुरावा बोलायलाय." साऱ्या गावात चिरूट ओढणारा माणूस एकच, ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार. विरपण्णा तडक ठाण्यात गेले आणि अदबीनं विचारलं, "साब, कल शाम को आप कां थे?"

अमीनसाहेबांनी त्यांना संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, पण मध्ये चहा पाजला. तांब्या गोठ्यात सापडला. आणि राख म्हणजे घरमालकाची विभूती होती. पूजा झाल्यावर तो खिडकीशी उभा राहून बोटं झटकत असे. लिंगायतांच्या गल्लीत राखेवरून चोर शोधणं म्हणजे तिथल्या सगळ्यांनाच धरून नेणं. हे स्वतः रोज तीन बोटं विभूती लावणाऱ्या माणसाला सुचू नये, याचं मला अजून नवल वाटतं. विरपण्णा एवढंच म्हणाले, "संशय सगळ्यांवर घ्यायचा असतो, मास्तर. अगदी माझ्यावरबी."

असा हा माणूस. त्यांचा एकही शोध कधी बरोबर निघाला नव्हता आणि त्यामुळे गावाचं काही बिघडतही नव्हतं. मग एके सकाळी अक्कांचं इष्टलिंग हरवलं.

हे हरवणं साधं नव्हे. मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. चांदीच्या डबीतलं ते लिंग जन्मभर अंगावर असतं आणि माणसाबरोबरच मातीत जातं. आंघोळीनंतर ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अक्का पाण्याचा थेंबही घेत नसत. त्या दिवशी आंघोळ करून बसल्या, गळ्याशी हात नेला आणि हात तसाच राहिला. गळा मोकळा होता. डबीही नाही, दोराही नाही.

मठातले अय्या, म्हणजे घरचे गुरू, आले. दुसरं लिंग देतो म्हणाले. अक्का म्हणाल्या, "जन्मताना बांधलेलं हाय, अय्या. दुसरं कसं घिऊ?" आणि भिंतीला टेकून बसल्या.

विरपण्णांनी तपास हाती घेतला. खडूनं अंगणात वर्तुळं काढली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना रांगोळीच्या भुकटीत पाय ठेवायला लावून ठसे घेतले, त्यात माझाही. दूधवालीला इतके प्रश्न विचारले की ती म्हशीला घेऊन निघून गेली. "मास्तर, काल दुपारी कुठं व्हता तुमी?" त्यांनी मला विचारलं. शाळेत, म्हणालो. "साक्षीदार?" "अख्खा वर्ग." "पोरं फितूर व्हत्यात," विरपण्णा म्हणाले. एरवी मी हसलो असतो. पण विचारताना ते माझ्याकडे नाही, भिंतीला टेकलेल्या अक्कांकडे बघत होते.

दुसरा दिवस उजाडला तरी अक्कांनी तोंडात काही घेतलं नव्हतं. वय झालेलं, उन्हाळ्याचे दिवस, ओठ सुकून गेलेले. माझी बायको ओला पंचा घेऊन जवळ बसली होती. अक्का असा आणखी एक दिवस काढतील असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं आणि तसं बोलायची कुणाची हिंमत नव्हती.

दुपारी विरपण्णा त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. "अक्का, शेवटी कवा बघितलीस डबी? नीट आठव."

अक्कांनी डोळे उघडले. "आसू दे रे, तम्मा," धाकट्या भावाला कानडीत हाक मारतात तशा त्या म्हणाल्या. "माझं काय. म्या ऱ्हाते उपाशी. नीला जेवली म्हंजे झालं."

उपासानं भ्रम झाला असं आम्हाला वाटलं. माझ्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला. विरपण्णांनी मात्र हातातलं भिंग खाली ठेवलं. मग उठून आतल्या खोलीत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आले तेव्हा डबी त्यांच्या हातात होती.

"उंदीर," ते म्हणाले. "दोरा कुरतडून बिळात न्हेली व्हती."

अंगणात जमलेल्यांत हशा पिकला. खुफिया अण्णाला अखेर चोर सापडला आणि तो उंदीर निघाला. करोडगिरीच्या मुन्शीपर्यंत ही बातमी पोचली. अक्कांनी पुन्हा आंघोळ केली, पूजा केली आणि भाकरीचा पहिला घास घेतला. विरपण्णा लोकांबरोबर हसत होते.

मी हसलो नाही. डबीचा दोरा मी पाहिला होता. तो कुठेही कुरतडलेला नव्हता. चांगली गाठ मारलेला होता.

काही दिवसांनी ओट्यावर बसलो असताना मी तसं बोललो. विरपण्णा पहिल्यांदाच कौतुकानं माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी शिकायलाव, मास्तर." मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं. ट्रंकेत नीलाचं लुगडं होतं, घडी करून ठेवलेलं. डबी त्या घडीला बांधलेली होती.

"तिला वाटलं, पोरीच्या गळ्यात लिंग न्हाई. मग पोरगी जेवणार कशी? नीलाचं तर नीलासंगं मातीत गेलं. म्हून अक्कानं सोताचं काढून तिला बांधलं, आन मग इसरून गेली. आलीकडं लई इसरायली, मास्तर. नीला गेली हेच इसरलीय."

"मग लोकांना खरं सांगा की. उगाच हसतात तुम्हाला."

"लोकांना सांगितलं की तिच्या कानावर जातंय. नीला गेली हे तिला एकदा सांगून झालंय. म्याच सांगितलं व्हतं. ते पुन्यांदा सांगायची ताकत मला न्हाई."

पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्यांनी अय्यांकडून एक लिंग मागून आणलं होतं. अय्यांनी कुणासाठी ते विचारलं नाही. सोनाराकडून लहानशी डबी करून घेतली आणि नीलाच्या लुगड्यावर ठेवून अक्कांना दाखवली. आता अक्का निर्धास्त होत्या. जेवायला बसताना फक्त विचारत, नीला जेवली का. विरपण्णा सांगत, जेवली.

"खोटं बोलायलो, व्हय," ते म्हणाले. "पण मास्तर, इतकी वर्सं या घरात कुनी तिचं नावच काढत न्हवतं. ती बी न्हाई, म्या बी न्हाई. आता रोज दोन वक्ताला निघतंय. मला बरं वाटतंय."

तेवढ्यात आतून अक्कांची हाक आली. "विरप्या, भाकरी निवायली. नीलाला घिऊन ये जेवाय."

विरपण्णा धोतर झटकून उठले.

"आलो गं अक्का," ते म्हणाले, "दोघंबी आलो."