आबा वकिलांच्या खोलीतली नदी

आबा वकील चांदे गावची फाइल काढायला उठले, की आधी नदी ओलांडत. नदी म्हणजे समोरासमोरच्या रॅकांमधली फरशी. तिच्यात पाणी नव्हतं, फार तर माझी चप्पल असायची. तरी आबा दारापाशी टाकलेल्या फळीपर्यंत जायचे आणि तिच्यावरून पलीकडे उतरायचे. फळी म्हणजे पूल. मी त्यांच्या हाताखाली नवा होतो, पुण्याहून आलेला. पहिल्याच दिवशी मधूनच पलीकडे गेलो. आबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"वकीलसाहेब, पाण्यातनं कुटं निगालाय? पुलावरनं जा."

आबांचं ऑफिस पौडला, कचेरीसमोर. मुळशी तालुक्यातली बांधाची, वाटेची, वाटणीची भांडणं तिथे यायची. बाकीचे वकील कागद नावांनी लावतात, आबा जमिनीनं लावत. नदीच्या अलीकडे पिरंगुट, लवळे. पलीकडे नांदे, चांदे. ज्याचं शेत ज्याच्या शेताला लागून, त्याची फाइल त्याच्या फाइलीला लागून. एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ रॅकवर खांद्याला खांदा लावून बसलेले असत. एक अशील म्हणाला, "आबा, माजा कागद त्याच्या शेजारी नगं." आबा म्हणाले, "मग शेत उचल." एकाने लवळ्याची जमीन विकून चांद्याला घेतली, तेव्हा आबांनी त्याची फाइल छातीशी धरून पुलावरून नेली आणि सगळ्यांना चहा पाजला. वास्तुशांतीचा म्हणे.

हसायचं तेवढं मी हसून घेतलं. मग लवळ्याच्या एका म्हातारीची केस आली. शेजाऱ्याने काट्या टाकून तिची शेतावर जायची वाट बंद केली होती, आणि वाट जुनी असल्याचा कागद तिच्याकडे नव्हता. मी तिची फाइल उलटीपालटी करत बसलो.

"तिच्यात काय बगताय? वाट चालून बगा," आबा म्हणाले, आणि रॅकवर बोट फिरवत या शेतातून त्या शेतात निघाले. वाट पुढे ज्याच्या रानातून जात होती, त्याच्या जुन्या भांडणाची फाइल त्यांनी ओढली. त्यात काट्या टाकणाऱ्याच्याच वडिलांचा जबाब निघाला, की ही वाट आमच्या आजापासूनची आहे. म्हातारीची वाट मोकळी झाली. तेव्हापासून मीही निमूटपणे पुलावरून जाऊ लागलो.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. पश्चिमेच्या कोपऱ्यातला एक रॅक कायम रिकामा असायचा. बाकी खोली इतकी तुंबलेली, की पिरंगुट खिडकीत येऊन बसलं होतं. पण तिथे आबा चिटोरंही ठेवू देत नसत. रोज सकाळी स्वतः फडक्याने पुसत. एखाद्या बड्या अशिलासाठी राखून ठेवला असेल, असं मला वाटायचं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी हट्टाने कॉम्प्युटर आणला. गावाचं नाव टाकलं की तिथल्या सगळ्या केसेस पडद्यावर, अशी त्याची करामत. माहिती भरायला पिरंगुटची सुनंदा आली. यंत्र ठेवायला जागा एकच होती. मी तो रिकामा रॅक सरकवायला हात घातला, तसे आबा उठले आणि पहिल्यांदाच नदीतून सरळ चालत आले.

"त्ये हलवू नगा. तितं आमचं जांभूळणं हाय."

जांभूळणे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा आबा आईच्या कडेवर होते. माणसं जिकडे वाट फुटली तिकडे पांगली.

"भांडायला बांदच ऱ्हायला न्हाई, मग केस कुटनं येनार?" असं म्हणून ते फडकं शोधू लागले. कॉम्प्युटर माझ्या टेबलावर गेला आणि मी स्टुलावर.

सुनंदा गावांची यादी भरत होती, तेव्हा आबा तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"जांभूळणं घातलं का, पोरी?"

"आबा, त्या गावाची एकबी केस न्हाई."

"नसू दे. उद्या कुनी हुडकलं, तर गाव घावलं पायजे."

तिने घातलं. त्यानंतर, एरवी यंत्राकडे ढुंकूनही न पाहणारे आबा रोज संध्याकाळी निघताना तिच्या खुर्चीमागे थांबत. ती नाव टाकी. पडद्यावर जांभूळणे उमटे, आणि त्याच्यापुढे शून्य.

"घावलं?"

"घावलं, आबा."

मग आबा टोपी घालत आणि पुलावरून घरी जात.