डीजे भूकंपचा संघर्ष

रविवारी सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना रेडिओ केंद्राच्या निवेदिकेने डीजे भूकंपला विचारलं, "तुमच्या आयुष्यात संघर्ष काय काय झाला?"

भूकंपने बराच विचार केला. "पाठ धरते," तो म्हणाला. "स्पीकर उचलून उचलून."

"तसला नको हो. हिप-हॉप म्हणजे बंड! रेगे म्हणजे वेदना! घरून विरोध बिरोध?"

"नाही बुवा."

निवेदिकेचा चेहरा पडला. तासाभराचा कार्यक्रम, नाव 'एका डीजेचा सांगीतिक प्रवास', आणि प्रवासी असा की ज्याला वाटेत साधी ठेचसुद्धा लागलेली नाही.

भूकंप हे नाव मित्रांनी चेष्टेने ठेवलेलं. एरवी हा माणूस चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि दुकानातल्या आरशालासुद्धा 'जरा बाजूला व्हाल का?' म्हणेल इतका मवाळ होता. पण वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी त्याने गावातले वाढदिवस, स्नेहसंमेलनं, स्केटिंगचे हॉल गाजवले होते. गाजवले म्हणजे लोक सांगतील ती गाणी लावली होती. त्याच्या जिवाभावाच्या हिप-हॉप आणि रेगेच्या रेकॉर्डी तो कार्यक्रम संपल्यावर, खुर्च्या गोळा करणाऱ्यांना ऐकवायचा. आता मात्र नदीकाठच्या मोठ्या संगीत महोत्सवात एका स्थानिक कलाकाराला तासभर मंच मिळणार होता, आणि निवड करणाऱ्या संयोजिका बाई आजचा कार्यक्रम ऐकणार होत्या. अशी संधी पुन्हा येणं कठीण होतं.

लाल दिवा लागला. "तर भूकंप, सुरुवात खडतर होती म्हणे?"

समोर माईक, कानात निवेदिकेचा आशाळभूत आवाज. भूकंपचा पाय घसरला. "हो," तो म्हणाला. "बाबांनी माझी पहिली रेगेची रेकॉर्ड फोडली."

"अरे देवा! कशी?"

"गुडघ्यावर."

"मग?"

"मग मी घर सोडलं."

"कुठे राहिलात?"

खोट्याचं एक बरं असतं, पहिलं पाऊल टाकलं की पुढची पावलं आपोआप पडतात. "पुलाखाली," भूकंप म्हणाला. "चाळीस दिवस."

निवेदिकेचे डोळे खरोखर भरून आले. तिने फोन घेणं सुरू केलं. पहिल्या बाईंनी पुलाखाली द्यायला घोंगडी आहे, पत्ता सांगा, असं कळवलं. ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे हे त्यांना पटवण्यात दोन मिनिटं गेली. दुसरा फोन एका भारदस्त आवाजाचा होता.

"तुमचे वडील म्हणजे चौकातले शिंपी ना हो?"

भूकंप सावरून बसला. "हो. का?"

"माझा कोट आहे त्यांच्याकडे शिवायला. आत्ताच्या आत्ता परत आणतो. पोटच्या पोराला पुलाखाली झोपवणाऱ्या माणसाच्या हातचा कोट मी अंगाला लावणार नाही! आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगतो!"

"अहो, थांबा, ऐका तरी..."

फोन बंद झाला होता. चाळीस वर्षं बाबांनी त्या चौकात मान खाली घालून कपडे शिवले होते आणि भूकंपने पाच मिनिटांत त्यांची अब्रू उसवली. आता काय करावं, या विचारात तो असतानाच तिसरा फोन वाजला.

"सोन्या," कानात आवाज आला, "पुलाखाली कधी राहिलास रे तू?"

"आई, मी कार्यक्रमात आहे."

"म्हणूनच विचारतेय. तू तर आत्याकडे दोन दिवस राहायला गेलास की तिसऱ्या दिवशी रडत परत यायचास. म्हणे चाळीस दिवस!"

काचेपलीकडचा तंत्रज्ञ टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. निवेदिका हात हलवून 'गाणं लावू का?' असं विचारत होती. भूकंपने मानेनेच नको म्हटलं. मंच तर गेलाच होता, निदान कोट तरी वाचवावा.

"आई खरं बोलतेय," तो म्हणाला. "मी थापा मारल्या. मला कुणीही घराबाहेर काढलं नाही. उलट मी टर्नटेबल घरी आणलं तेव्हा ते ठेवायला जागा नव्हती, तर बाबांनी शिलाई मशीनचं टेबल मोकळं करून दिलं. दोन वर्षं ते खाटेच्या कडेला बसून हाताने काजं करत होते. आणि खरं सांगू का, रेगे मी आधी रेडिओवर ऐकलंच नाही. बाबांच्या मशीनचा पट्टा सैल होता. ते भर द्यायच्या ठिकाणी अडखळायचं आणि भलत्याच ठिकाणी ठोका द्यायचं. मी त्या आवाजात झोपायचो, त्यातच अभ्यास करायचो. सोळाव्या वर्षी मित्राकडे पहिल्यांदा रेगे ऐकलं आणि म्हटलं, हे तर आमच्या घरचं आहे! हाच माझा प्रवास. संघर्ष नाही. माफ करा."

निवेदिकेने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईच्याच फोनवर खुडबुड झाली आणि एक घोगरा आवाज आला. "मी शिंपी बोलतोय. याचा बाप."

"बाबा, मी घरी येऊन पाया पडतो, पण आत्ता..."

"गप्प बस. रेकॉर्ड मीच फोडली होती."

"बाबा, मला वाचवायला खोटं नका बोलू. तुम्ही जन्मात कधी खोटं बोलला नाहीत."

"बोललोय. तू ती खुर्चीवर ठेवून आंघोळीला गेलास. मी चष्मा न लावता बसलो. कडकन आवाज झाला. मला वाटलं, खुर्ची गेली. बघतो तर तुझी रेकॉर्ड. मग चिंध्यांच्या गोणीत लपवली आणि आईला म्हटलं, घर बदलताना हरवली असं सांग."

"मी नको म्हणत होते," मागून आई म्हणाली.

भूकंप थक्क झाला. ती रेकॉर्ड त्याने नव्या घरात आठवडाभर शोधली होती, बाबांनी त्याच्याबरोबर पलंगाखाली बॅटरी मारून शोधली होती. "म्हणजे पंचवीस वर्षं तुम्ही..."

"तू दर वेळी विचारायचास, मला घास जायचा नाही. आज रेडिओवर तू सांगितलंस तेव्हा वाटलं, पोराला कळलं! छातीत धस्स झालं. म्हणून आईला आधी पुढे केलं."

भूकंपला हसू फुटलं. आधी घशात, मग पोटातून, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणीच आलं. बाबाही हसत असावेत, कारण फोनमध्ये जुन्या मशीनसारखा अडखळता आवाज येत होता. इतक्यात तंत्रज्ञाने काचेला एक कागद लावला. संयोजिका बाईंचा निरोप होता, 'शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. वेळेवर या.' खाली त्याने आणखी एका फोनचा निरोप लिहिला होता, 'कोटवाले म्हणतात, कोट राहू दे.'

भूकंपने खुर्चीला पाठ टेकली. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला पुरेसा श्वास घेता आला. "बाबा, सगळं माफ. शनिवारी पुढच्या रांगेत बसायचंय तुम्ही दोघांनी. आता ठेवू फोन?"

"थांब जरा," बाबा म्हणाले. पंचवीस वर्षांचं ओझं उतरलेल्या माणसाचा आवाज भलताच मोकळा झाला होता. "फार हलकं वाटतंय बघ. आता बोलतोच आहे तर एक सांगून टाकतो. तुझी लाल सायकल चोरीला गेली नव्हती."

"काय?"

"आणि तुझं ते कासव गावाला गेलं नव्हतं."

निवेदिकेने घाईघाईने तंत्रज्ञाला खूण केली, की पुढचा बागकामाचा कार्यक्रम अर्धा तास पुढे ढकल.